हरिणपालन आणि वन्यजीव कायदा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हा परिसर गोदावरीच्या उत्तरेस आहे. कापूस, तूर, ऊस व मोसंबी ही या भागातील परिचित पिके होत. मराठवाड्याच्या माळरानांत काळविटांचे कळप वावरतात आणि चाऱ्याच्या शोधात उभ्या पिकांतही उतरतात. अशा प्रदेशात पिकाची कापणी चालू असता एखादे पाडस आढळणे अशक्य नाही. ते अनाथ समजून दयाबुद्धीने घरी आणले जाते व शेळीच्या दुधावर वाढविले जाते. शेळी पाळता येते, तर हरीण का पाळू नये, असा प्रश्न मग सहज उपस्थित होतो.

अन्य देशांतील व्यवस्था

काही देशांत हरिणपालन हा मान्य धंदा आहे. न्यूझीलंडमध्ये हरणे मूळची नव्हती. वसाहतकाळात ती बाहेरून आणली गेली व पुढे उपद्रवी ठरली. तेथे १९६९ साली नियम होऊन १९७० साली पालनाचा पहिला परवाना देण्यात आला. अमेरिकेतील अनेक राज्यांत एल्क जातीची मोठी हरणे खाजगी कुरणांत पाळली जातात. परंतु तेथेही उंच कुंपण, कानातील बिल्ला व मृत जनावराची तपासणी यांविषयी नियम आहेत. कारण कोलोरॅडो राज्यात १९६७ साली प्रथम आढळलेला, मेंदूचा ऱ्हास करणारा व जनावर झिजवून मारणारा असाध्य रोग बंदिस्त तसेच मोकळ्या कळपांत पसरला आहे.

भारतातील कायदा

भारतात मूळच्या वन्य हरणांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. काळवीट व चिंकारा यांचा समावेश पहिल्या अनुसूचीत असून त्यांना सर्वाधिक संरक्षण आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, फासे लावणे व तसा प्रयत्न करणे हीही शिकारच होय. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या अपराधास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास, तसेच २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५,००० रुपये दंड आहे. मांस व शिंगे बाळगणे हाही अपराध ठरू शकतो. हेतू दयेचा होता, एवढ्याने पाळण्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

पाडस आढळल्यास

काळविटाची मादी नवजात पाडसास गवतात अथवा पिकात दडवून चरावयास जाते व दूध पाजण्यासाठी परत येते. म्हणून एकटे दिसणारे पाडस बहुधा अनाथ नसते. त्यास हात न लावता तेवढा तुकडा कापणीविना सोडावा, कुत्री बांधावीत व मजुरांनी दूर व्हावे. पाडस जखमी असल्यास वनरक्षकास त्वरित कळवावे. ते आधीच ताब्यात आले असल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत वन अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. माणसाळलेला नर वयात आला की माणसाची भीती न राहिल्याने शिंगांनी गंभीर इजा करू शकतो, हेही विसरू नये.

पिकाची हानी झाल्यास

कळपाने रात्रीत पीक खाल्ले, तर शेतकऱ्याचा संताप स्वाभाविक आहे. तथापि फासे वा कुंपणात सोडलेला वीजप्रवाह हा उपाय नव्हे. त्यात हरणाबरोबर माणसाचाही बळी जातो. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीबद्दल महाराष्ट्र शासन अर्थसाहाय्य देते. हानी दिसताच, तीन दिवस उलटू न देता, वन विभागाकडे अर्ज द्यावा, पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे ठेवावे व सात-बाराचा उतारा जवळ बाळगावा.

हरीण शेतात आले म्हणून ते शेतकऱ्याच्या मालकीचे होत नाही. परंतु पीक त्याचेच असते व त्याच्या हानीची दाद मागण्याचा मार्ग खुला आहे. पाडसाला त्याच्या आईसाठी सोडावे आणि नुकसानीसाठी अर्ज करावा, यातच दोघांचे हित आहे.