‘ट्राइब’ शब्दाचे गोत

इंदापूर-बारामतीकडील फासेपारधी मुलांच्या दाखल्यावर इंग्रजीत ‘ट्राइब’ लिहिलेले असते. टी-आर-आय-बी ही चार अक्षरे आणखी कोठे कोठे दिसतात ते पाहू.

लॅटिनमध्ये ‘ट्रिबस’ म्हणजे रोमी नागरिकांचा एक विभाग. त्यावरून अधिकारी तो ‘ट्रिब्यून’ आणि त्याचे आसन ते ‘ट्रिब्यूनल’. पिलात ज्या न्यायासनावर बसला (योहान १९:१३), त्याला लॅटिन बायबलात हाच शब्द आहे. दिलेला कर तो ‘ट्रिब्यूट’. अनेकांनी मिळून दिलेले ते ‘कॉन्ट्रिब्यूशन’, म्हणजे आपली वर्गणी!

‘ट्रिब्युलेशन’ मात्र या गोतातले नाही, अक्षरे तीच असली तरी. त्याच्या मुळाशी ‘ट्रिब्युलम’ आहे, गारगोटीचे दात बसवलेली मळणीची फळी. कणसे तिच्याखाली रगडली जात, म्हणून अर्थ झाला क्लेश.

इस्राएलाचे बारा ‘ट्राइब’ आपल्या पवित्र शास्त्रात ‘वंश’ झाले. तोच शब्द इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्यात गेला आणि ‘गुन्हेगार जमात’ झाला. मूल जन्मतःच संशयित! नोंदलेल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला; संशय अजून पालावर येतोच.

आज त्याच जमातीचा दाखला मिळवायचा, तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांची हजेरी सरकारने घेतली, त्यांच्या घरी त्याचा एक कागदही नसतो.