फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

मेढ्याच्या पावसाळ्यात वेण्णाखोऱ्यातील ओल यंत्रांतही शिरते. अशाच एका पावसाळ्यात वसतिगृहातील ॲम्प्लिफायरयुक्त स्पीकर मुका झाला. सॉकेट ठीक होते. टेबलदिवा त्यावर लागत होता. आम्ही फ्यूज बदलला, तो तत्क्षणी उडाला. दुसराही गेला. फ्यूज उडणे हे लक्षण आहे, रोग निराळाच असतो, हे दोन फ्यूज गमावून आम्हांस कळले. फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळण्याचा सल्लाही मिळाला. तो मानला असता तर आगीलाच निमंत्रण होते.

येथे सिरीज दिवा उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीचा 100 वॅटचा पिवळा बल्ब, एलईडी नव्हे, स्पीकरच्या वीजवाहिनीत सिरीजमध्ये जोडावा. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे. आमचा जळतच राहिला. प्लग काढून, कपॅसिटरवर व्होल्टेज उरले नसल्याचे मीटरने पाहून, ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट तारा सोडविल्या व टोकांना टेप लावली. आता बल्ब मंद! ट्रान्सफॉर्मर निर्दोष ठरला. पुढील रेक्टिफायरमधील एक डायोड दोन्ही दिशांनी वीज सोडत होता.

त्याच क्षमतेचा नवा रेक्टिफायर बसविला. बल्ब उजळून मंदावला, तेव्हाच थेट जोडणी केली. तिसरा फ्यूज अद्याप टिकून आहे.

मोठा ट्रान्सफॉर्मर नसलेले एसएमपीएसचे स्पीकर मात्र घरी उघडू नयेत. त्यांतील कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.