शून्य निकाल दिसला म्हणून उठू नकोस

अगं छोटे, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, नई तालीमवर आमच्या लायब्ररीत एकही ई-बुक नाही, टाकून पाहिलं तर शून्य आलं." मला आधी हसू आलं, मग तुझी काळजी वाटली. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, आणि गांधीजींच्या त्या उद्योगातून शिकवण्याच्या नई तालीमला देशभर 'वर्धा योजना' हेच नाव पडलं. त्यावर वर्ध्यात बसून काही सापडू नये? पुस्तकं असतात गं. तू टाइप करून राहिली होतीस एक, आणि ती बसली होती दुसऱ्याच नावाखाली.

कॅटलॉग गूगलसारखा समजूतदार नसतो. गूगल चुकलेलं स्पेलिंग सावरून घेतं, कॅटलॉग तुझी अक्षरं जशीच्या तशी धरतो. आपल्या शिवारात पऱ्हाटी म्हटलं की कोणालाही कळतं, पण पुण्याच्या दुकानात कपाशीच म्हणावं लागतं, तसा त्याचा हट्ट आहे. म्हणून आधी एक कागद घे आणि विषयाची सगळी नावं लिहून काढ. तुझ्या विषयाला तर किती आहेत बघ: नई तालीम, नयी तालीम, बुनियादी शिक्षा, बेसिक एज्युकेशन, वर्धा स्कीम, जीवन शिक्षण, आणि जुन्या मराठी पुस्तकांत मूलोद्योग शिक्षण. प्रत्येक नाव वेगळं टाकून बघ. हाती काही लागलं की त्या पुस्तकाच्या नोंदीत खाली 'विषय' म्हणून निळ्या अक्षरांत दुवे असतात, त्यावर बोट ठेव. त्या विषयाखाली नोंदलेली बाकीची भावंडं आपोआप समोर येतात. मला विचारशील तर अर्धा शोध इथेच संपतो, पण मुली तो दुवा बघतच नाहीत.

लेखकांच्या नावांचं तर विचारूच नकोस. सेवाग्रामला ज्यांनी नई तालीम प्रत्यक्ष चालवली त्या आशादेवी आणि त्यांचे पती आर्यनायकम् यांचं आडनाव इंग्रजीत कोणी वाय घालून लिहितं, कोणी आय, तर कोणी शेवटच्या 'यकम्'चं 'इकम' करतं. हुसेनमध्ये एक एस की दोन, पुढे ए की ई, हाही घोळ. अशा वेळी नाव पूर्ण टाइपच करायचं नाही. जिथवर सगळी स्पेलिंगं सारखी असतात तेवढीच पहिली अक्षरं टाकायची आणि पुढे तारा, म्हणजे ते फुलीसारखं चिन्ह, द्यायचा. पुष्कळ कॅटलॉग तेवढ्यावर त्या अक्षरांनी सुरू होणारं सगळं पुढ्यात आणून ठेवतात. नोंदीत आडनाव आधी असतं हेही ध्यानात ठेव. विनोबा सापडले नाहीत तर 'भावे, विनोबा' बघ, तरी नाही तर त्यांचं मूळ नाव 'विनायक' टाकून बघ.

मराठी-हिंदी पुस्तकांची आणखी एक गंमत आहे. काही ग्रंथालयांनी ती देवनागरीत नोंदवली, काहींनी रोमन अक्षरांत, आणि काहींनी तर जुनी एका लिपीत आणि नवी दुसऱ्या. 'हिंदी' अनुस्वाराने शोधलीस तर अर्धा न वालं 'हिन्दी' निसटू शकतं. त्यामुळे दोन्ही लिप्यांत आणि दोन्ही तऱ्हांनी बघायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दहा मिनिटांचं काम आहे.

आता ई-बुकांकडे ये. आपल्याकडे बऱ्याच ग्रंथालयांत 'कोहा' नावाची प्रणाली असते. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती बनली, २००० साली सुरू झाली, आणि कोणालाही फुकट वापरता येते. तिच्यात साध्या चौकटीजवळ 'अॅडव्हान्स्ड सर्च' असतं. तिथे साहित्याचा प्रकार निवडता येतो, आणि तुमच्या ग्रंथालयाने वेगळा प्रकार ठेवला असेल तर 'ई-बुक' तिथेच दिसेल. आणि आता जे सांगते ते नीट ऐक. ई-बुकाच्या नोंदीखाली कित्येकदा इंग्रजीत लिहिलेलं दिसतं की एकही प्रत उपलब्ध नाही. ते वाचून पोरी खिडकी बंद करतात! अगं, ते कागदी प्रतीबद्दल असतं. ई-बुक कपाटात नाही, मग प्रत कुठून दिसणार? त्याच नोंदीत 'ऑनलाइन' असं लिहिलेला दुवा शोध, पुस्तक त्याच्या मागे आहे.

दुवा दाबला आणि पैसे मागणारं पान उघडलं तर घाबरू नकोस आणि बाबांचं कार्डही काढू नकोस. प्रकाशक पुष्कळदा विद्यापीठाच्या आवारातलं इंटरनेट ओळखून दार उघडतात. तू आर्वीला घरी बसून उघडलंस तर त्यांच्या लेखी तू कोणीच नाहीस. बाहेरून वाचायचं तर विद्यापीठाने दिलेलं लॉगिन लागतं, ते ग्रंथालयातच मिळतं. काही पुस्तकं एका वेळी एकालाच वाचता येतात, काहींची फक्त मोजकी पानं उतरवता येतात. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीवर विसंबू नकोस. लायब्ररीत वाय-फाय असेल तिथेच हवी ती प्रकरणं उतरवून ठेव, बसमध्ये डेटा जाळू नकोस.

तुझी ती मैत्रीण संलग्न कॉलेजात आहे ना? तिला सांग, 'एन-लिस्ट' विचार म्हणावं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ती योजना आहे, आणि कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपाल विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन काढून देतात. त्यात लाखाहून जास्त ई-बुकं आहेत. मात्र जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चं नाव ऐकून ई-बुकांची आशा धरू नका. ती मुख्यतः संशोधन-नियतकालिकांसाठी आहे. लेख हवे असतील तर उत्तम.

कॅटलॉगमध्ये नाहीच मिळालं तर त्याच्या बाहेरही बघ. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या नव्या वर्षापासून ६० वर्षं मोजली की पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. गांधीजींचं लेखन २००९ पासून मोकळं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योगांचं अर्थशास्त्र मांडणारे जे. सी. कुमारप्पा १९६० साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०२१ पासून. विनोबा १९८२ ला गेले, त्यांच्यासाठी २०४३ उजाडावं लागेल. अनुवादाचा हक्क मात्र वेगळा मोजतात, मूळ मोकळं असलं तरी मराठी अनुवाद अजून बांधलेला असू शकतो. साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर गांधीजींच्या संकलित वाङ्मयाचे शंभर खंड आहेत. हिंदी साहित्य लागलं तर आपल्याच वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाचं 'हिंदी समय' हे संकेतस्थळ उघड. आणि माझी आवडती युक्ती सांगते: प्रबंधांच्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावर तुझ्या विषयाचा एखादा प्रबंध काढ, तो वाचत बसू नकोस, थेट शेवटची ग्रंथसूची उघड. पुस्तकांची बिनचूक नावं, लेखक, वर्षं तिथे आयती मिळतात. ती घेऊन परत कॅटलॉगकडे ये.

टेलिग्रामवरच्या पीडीएफचं मला ठाऊक आहे, नाही म्हणू नकोस. चोरीचं पाप बाजूला ठेव, पण त्या फायलींत अधलीमधली पानं गायब असतात आणि आवृत्ती कोणती ते कळत नाही. संदर्भ देताना पान क्रमांक चुकला की मार्गदर्शकांपुढे तूच उभी राहशील, फाइल पाठवणारा नाही.

तुझी खरी अडचण मला माहीत आहे. काउंटरवर इंग्रजी बोलावं लागेल, आणि आपल्याला एवढंही येत नाही हे चारचौघांत दिसेल, याची तुला धास्ती आहे. ग्रंथपालांशी मराठीत बोल, हिंदीत बोल. 'नई तालीमवर काही आहे का' असं मोघम विचारू नकोस. कागद पुढे कर आणि म्हण, "मॅडम, या नावांनी शोधलं, या दोनच नोंदी आल्या, आणि हा दुवा घरून उघडत नाही." तयारी करून आलेल्या पोरीला त्या सहसा परत पाठवत नाहीत. पुस्तक नसेलच तर खरेदीची सूचना द्यायची सोय असते. पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि आयएसबीएन लिहून दे, आणि 'ई-बुक मिळालं तर बरं' हेही लिही. फक्त ती सूचना तुझ्या प्रबंधाच्या सारांशिकेचं वेळापत्रक बघून आत्ताच दे, कारण मंजुरी आणि खरेदीला महिने लागतात.