फोम लावला, तरी बास घुमतोच!

प्रश्न : 10 बाय 12 फुटांच्या खोलीत होम थिएटर केलंय. भिंतींना फोम लावला, तरी मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बास घुमतो, खोलीच्या मधोमध गायब! सबवूफर बदलू का?

उत्तर : दोष बहुधा सबवूफरचा नसतो. 12 फुटांच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झचा आवाज भिंतींशी फुगतो, मध्यावर विरतो. इंचभर फोम फक्त वरच्या पट्टीचे आवाज शोषतो. फुकटचा उपाय आधी : सबवूफर सोफ्यावर ठेवून गाणं लावावं, भिंतीकडेने रांगत ऐकावं (घरचे हसतील!) आणि बास सर्वांत एकसारखा वाटेल तिथे तो ठेवावा. सोफा दोन-तीन फूट पुढे घ्यावा, अगदी मध्यावर नको. तरीही घुमल्यास कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत किमान 4 ते 6 इंच जाड रॉकवूल, कापडात गुंडाळून; कापताना मास्क, हातमोजे हवेतच. इक्वलायझरने फुगवटा उतरतो, खड्डा भरत नाही.