संगणकीय दप्तरातील नात्यांची चाचणी

ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळकतींची नोंदवही वेगळी आणि करपावत्यांची पुस्तके वेगळी. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे मिळकत क्रमांक. तो पावतीवर लिहावयाचा राहिला, तर रक्कम जमा होते. परंतु ती कोणाच्या नावे, हे वर्षअखेरीस कोणासही सांगता येत नाही. संगणकावरील दप्तराचीही हीच गत आहे. तेथे मात्र अशी पावती पाहून हटकणारा जुना कारकून नसतो. हटकण्याचे काम आज्ञावलीलाच शिकवावे लागते, आणि ती ते शिकली किंवा नाही हे चाचणीने पाहावे लागते.

कोष्टके सामाईक मूल्यांनी जोडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्मिलेल्या रूबी या संगणकभाषेत लहान संकेतस्थळांसाठी 'सिनाट्रा' ही सुटसुटीत चौकट वापरतात. ब्लेक मिझेरानी यांनी ती २००७ साली सुरू केली. (नाव गायकाचे, काम मात्र निव्वळ गद्य!) सिनाट्रात डेटाबेसची स्वतःची सोय नाही. म्हणून 'रेल्स' या मोठ्या चौकटीतील 'ॲक्टिव्ह रेकॉर्ड' हा भाग तिला जोडतात. मिळकतीच्या मॉडेलमध्ये 'हॅज मेनी' आणि पावतीच्या मॉडेलमध्ये 'बिलाँग्ज टू' असे लिहिले, की नाते घोषित होते.

खरी मेख येथेच आहे. २०१६ सालच्या रेल्स ५ पासून नव्या प्रकल्पात 'बिलाँग्ज टू' लिहिताच मालकाविना नोंद नाकारली जाते. परंतु हा नियम रेल्स आपल्या मांडणीतून लागू करते. ॲक्टिव्ह रेकॉर्ड एकटे वापरले तर तो लागू नसतो. परिणामी सिनाट्रात मिळकतीविना पावती मुकाट्याने जतन होते. नाते घोषित आहे काय, एवढेच विचारणारी एका ओळीची तपासणी अशा वेळीही उत्तीर्ण होते. म्हणून तिच्यावर विसंबणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही. चाचणीने प्रत्यक्ष वर्तन पाहावे: मिळकत न देता पावती तयार करावी आणि ती अवैध ठरावी अशी अपेक्षा नोंदवावी. चाचणी अनुत्तीर्ण झाल्यास त्या नात्यापुढे 'ऑप्शनल: फॉल्स' लिहावे.

दुसरा प्रश्न नोंद काढून टाकण्याचा. मिळकत रद्द केली तर तिच्या पावत्यांचे काय? 'डिपेंडंट: डिस्ट्रॉय' लिहिल्यास त्याही नाहीशा होतात. हिशेबाच्या कागदांना हे सर्वथा अयोग्य होय. तेथे 'रिस्ट्रिक्ट विथ एरर' हा पर्याय निवडावा, आणि 'डिस्ट्रॉय'चा आदेश दिल्यावर मिळकत व पावत्या दोन्ही जागच्या जागी आहेत, हे चाचणीत मोजून पाहावे. तथापि 'डिलीट' हा आदेश मॉडेलचे हे नियम ओलांडून थेट कोष्टकावर चालतो. म्हणून डेटाबेसमध्येच 'फॉरेन की'चे बंधन हवे. हे बंधन चुकीचा क्रमांक अडविते. रिकाम्या रकान्यास मात्र हरकत घेत नाही! त्यासाठी 'नॉट नल' ही अट स्वतंत्रपणे घालावी. वैधतेची तपासणी मुद्दाम वगळून नोंद जतन करण्याचा प्रयत्न करावा. डेटाबेसने ती परत फिरविली, तरच हे कुंपण पक्के समजावे.

चाचण्यांसाठी डेटाबेस वेगळा असावा. रेल्समध्ये प्रत्येक चाचणीनंतर लिहिलेले आपोआप पुसले जाते. सिनाट्रात ही सोय आपणच करावयाची. प्रत्येक चाचणी एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी ते मागे घ्यावे. चाचणीच्या फाइलीत 'रॅक एन्व्ह'चे मूल्य 'टेस्ट' असे ठरविणारी ओळ मूळ आज्ञावली बोलावण्याच्या आधी असावी. ती खाली राहिल्यास चाचणीच्या खोट्या पावत्या खऱ्या दप्तरात जाऊन पडण्याचा धोका असतो.