धाप आणि चालण्याचा अभ्यास

वर्षानुवर्षे चुलीच्या वा विडीच्या धुराने फुप्फुसे झिजली, म्हणजे दुखणे मधून मधून उसळते व रोग्यास इस्पितळ गाठावे लागते. तेथून परतलेल्या आजोबांस आम्ही मायेने अंथरुणातच ठेवितो. परंतु पडून राहिल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात. मग थोड्या श्रमानेही धाप लागते, आणि धापेच्या भयाने रोगी अधिकच बसून राहतो. हे चक्र मोडण्यासाठी, घरी परतल्यावर ४ आठवड्यांच्या आत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायामास आरंभ करावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. ६ मिनिटांत किती चालवते हे मोजून चाल क्रमाने वाढवितात. ओठ शीळ घालण्यासारखे करून श्वास सावकाश सोडण्यास शिकवितात. झिजलेले फुप्फुस याने पूर्ववत् होत नाही. पायांत मात्र बळ येते. म्हणून डॉक्टरांच्या अनुमतीने आजोबांचा हात धरून त्यांस अंगणात चालविणे, हीही आमची सेवाच होय.