आजचं चिंतन : गीता १८.३७-३८ आणि क्लासची फी



काल सकाळी मावसभावासोबत डोंबिवलीहून ठाण्याला आणि तिथून पनवेल लोकलने ऐरोलीला असा प्रवास झाला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गर्दीतच विचारलं, "दादा, क्लाउड शिकू की गेम बनवायला? क्लाउडमध्ये नोकऱ्या आहेत, गेममध्ये मजा येते. फी एकाच क्लासची भरता येईल." काका पुढच्या वर्षी रिटायर होतायत, घराचा हप्ता चालू आहे. म्हणजे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता.

आजचे श्लोक नेमके इथेच लागू पडतात. भगवंत सांगतात, सुरुवातीला विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं होतं ते सात्त्विक सुख. विषय भेटताक्षणी अमृत आणि शेवटी विष, ते राजस. मग "मजा येते" हेच आधी तपासायला हवं ना? गेम खेळण्यातली मजा वेगळी. आपलं पात्र भिंतीतून आरपार का जातंय हे रात्री दोन वाजता शोधायचं, वेक्टरचं गणित परत काढायचं, आणि तरी दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटलं तर ती आवड. उलट बाजूनेही तसंच. मी एसक्यूएल निव्वळ पगारासाठी शिकलो, खोटं कशाला बोलू! जॉइन लावताना रडकुंडीला यायचो. वर्षभराने एखादी रखडलेली क्वेरी इंडेक्स लावल्यावर पळायला लागली की स्टेशनवरून गुणगुणत घरी जायचो.

आणि पैसा? सत्संगात त्याचं नाव काढलं की काहींचे चेहरे पडतात. मला ते पटत नाही. कर्माशिवाय शरीराचा निर्वाहसुद्धा चालणार नाही, हे तिसऱ्या अध्यायात भगवंतांनीच सांगितलंय. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपण कौतुकाने सांगतो. पण धाकट्या कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं आधी त्याला दिली, बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची, हे पटकन सांगून पुढे जातो. आपली विरक्ती त्यांनी भावाच्या पोटावर लादली नाही. घराचा हप्ता हा असाच दुसऱ्याचा वाटा आहे.

त्याला म्हटलं, फी आत्ता भरूच नकोस. गोडो हे गेम इंजिन फुकट आहे, क्लाउडचंही थोडं फुकट वापरता येतं (कार्ड टाकलंस तर बिलाचा अलर्ट आधी लाव!). महिनाभर एक दिवस हे, एक दिवस ते. कंटाळा आला तरी कुठल्या दिवशी बसलास ते वहीत लिही. दोन्ही सारखंच जमलं तर पहिली नोकरी क्लाउडची बघ, गेम रविवारी. बरेच लोक एकत्र खेळतात त्या गेमचे सर्व्हरही अनेकदा क्लाउडवरच असतात, तेव्हा शिकलेलं वाया जाणार नाही.

"आणि गेमच जिंकला तर?"

"तर काकांसमोर वही घेऊन बस. हप्त्याचा हिशोबही त्याच वहीत मांड. मी येतो सोबत."

ऐरोली आलं. उतरताना एवढंच म्हणाला, "दादा, वही आजच घेतो."

राम कृष्ण हरी.